घरचा संगणक : साचा एक, पण प्रत्येक यंत्राची ओळख वेगळी

नेसरीहून (ता. गडहिंग्लज) एका वाचक मुलीचे चार पानी पत्र आले आहे. ती बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात एकच लॅपटॉप, तोही अब्बांच्या शिवणकामाच्या दुकानाचा. शाळांच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरी, मुलांची मापे, कोणाचे किती पैसे यायचे, सगळे त्यातच. कॉलेजने सांगितले आहे की सर्व्हरचा सराव घरी करा, व्हर्च्युअल मशीन बनवा, एक टेम्प्लेट तयार करा आणि त्यातून दोन-तीन यंत्रे काढून ती एकमेकांशी जोडा. तिने हे सगळे केले. यंत्रे सुरूही झाली. पण दोघांनाही एकच पत्ता मिळाला. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले असे समजून तिने तिथला एक फोल्डर पुसला, आणि नंतर पाहते तो फोल्डर पहिल्याच यंत्रातून गेलेला. ती दुसऱ्या यंत्रावर कधी पोहोचलीच नव्हती.

सरावाचाच फोल्डर होता, नुकसान काही झाले नाही. पण अब्बांनी ते पाहिले आणि म्हणाले, "आज तुझा फोल्डर गेला, उद्या माझी मापांची फाईल जाईल. हे प्रयोग बंद." तिचे दोन प्रश्न आहेत. दोन्ही यंत्रांना एकच पत्ता का मिळाला? आणि अब्बांची भीती खरी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कारण अब्बांचे समाधान झाले नाही तर पहिल्या उत्तराचा उपयोग नाही.

व्हर्च्युअल मशीन, किंवा व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्याला स्वतःची स्क्रीन आहे, ती एका खिडकीत दिसते. त्याला डिस्क आहे, पण ती खरी डिस्क नसून लॅपटॉपवरची एक मोठी फाईल आहे. त्याला मेमरी आहे, पण ती लॅपटॉपच्या मेमरीतून थोडा वेळ उसनी घेतलेली आहे. उबुंटू बसवताना "संपूर्ण डिस्क पुसून टाकू का?" असा प्रश्न येतो तेव्हा अनेक मुलांचे हात थरथरतात, आणि मागे उभ्या असलेल्या पालकांचा जीव वर-खाली होतो. तो प्रश्न त्या फाईलपुरताच असतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या आत विचारलेला असेल तर निश्चिंत "हो" म्हणावे. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला असेल आणि पूर्ण स्क्रीनवर तोच प्रश्न आला, तर मात्र तिथेच थांबावे. तिथे खरी डिस्क पुसली जाईल. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

म्हणजे तुझ्या हातून व्हीएममधला फोल्डर गेला, व्हीएम पूर्ण बिघडली, तिचा पासवर्ड विसरला, तरी अब्बांची मापांची फाईल जागच्या जागी राहते. पण अब्बांची भीती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. धोका येतो तो दुसऱ्या वाटांनी. पहिली वाट जागेची. व्हीएमची डिस्क-फाईल हळूहळू फुगते. सी ड्राइव्ह भरला की हिशेबाची फाईल सेव्ह होताना अडते, आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या तोंडावर तसे झाले तर घरात काय होईल ते मी सांगायला नको. दुसरी वाट शेअर्ड फोल्डरची. विंडोजमधला फोल्डर व्हीएमच्या आत दिसावा अशी सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे. ती चालू केलीस तर आत पुसलेले बाहेरही पुसले जाते. ती सोय बंदच ठेव. आणि काहीही करण्यापूर्वी मापांची व हिशेबाची फाईल पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह अब्बांच्या हातात दे. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नकोस. लॅपटॉप हरवला तर पिशवीही जाते. व्हर्च्युअलबॉक्समधला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर असतो.

आता टेम्प्लेटकडे येऊ. ही कल्पना तुझ्या अब्बांना माझ्यापेक्षा चांगली समजेल. शर्टाचे कागदी कटिंग ते एकदाच काळजीपूर्वक करतात. कॉलर, बाही, खिसा, शिवणीची जागा, सगळे त्यात आलेले असते. मग त्या कागदावरून पन्नास शर्ट कापले जातात. प्रत्येक वेळी नव्याने मोजत बसावे लागत नाही. टेम्प्लेट म्हणजे तेच. एक यंत्र नीट बसवायचे, त्यात सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी घालायच्या, अपडेट करायचे, आणि मग त्याच्या प्रती काढायच्या. मोठ्या कंपन्यांत याला इमेज म्हणतात, काही ठिकाणी गोल्डन इमेज म्हणतात. पण पन्नास शर्ट कापले तरी प्रत्येक गठ्ठ्याला मुलाच्या नावाची चिठ्ठी लावावी लागते. चिठ्ठी राहिली तर शर्ट चांगला असूनही भलत्याच्या घरी जातो. तुझ्या दोन यंत्रांच्या बाबतीत हेच झाले. कापड छान कापले, चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. खरे तर त्याहून वाईट झाले. दोन्ही गठ्ठ्यांना एकाच नावाची चिठ्ठी लागली.

लिनक्सच्या प्रत्येक यंत्रात मशीन-आयडी नावाची एक छोटी फाईल असते. ती ईटीसी या फोल्डरमध्ये असते आणि तिच्यात बत्तीस अक्षरांचा एक क्रमांक असतो. यंत्र पहिल्यांदा बसवताना तो तयार होतो आणि नंतर बदलत नाही. उबुंटू सर्व्हर नेटवर्कवर पत्ता मागताना, म्हणजे डीएचसीपीकडे आयपी मागताना, आपली ओळख याच क्रमांकावरून सांगतो. तू क्लोन केलेस तेव्हा डिस्क जशीच्या तशी उतरली, म्हणजे हा क्रमांकही उतरला. नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस तू नवीन घेतला होतास असे पत्रात लिहिले आहेस, आणि तरीही पत्ता एकच कसा, याने तू चक्रावलीस. कारण इथे विचारला जातो तो मशीन-आयडी. पत्ते वाटणाऱ्याला वाटले, एकच पाहुणा दोनदा दार वाजवतो आहे. त्याने दोन्ही वेळा एकाच खोलीची किल्ली दिली.

मग पहिल्या यंत्रावरून तू दुसऱ्याच्या पत्त्यावर एसएसएचने गेलीस. तो पत्ता पहिल्याचाही होता, म्हणून तू स्वतःकडेच परत आलीस. यंत्राचे नाव, म्हणजे होस्टनेम, दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे स्क्रीनवर काही वेगळे दिसलेही नाही. यात तुझा निष्काळजीपणा कमी आणि एकसारख्या पाट्यांचा दोष जास्त आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. नेटवर्क साध्या 'नॅट' प्रकारावर असेल तर व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक यंत्राला १०.०.२.१५ हाच पत्ता देतो, मशीन-आयडी वेगळा असला तरी. त्या प्रकारात प्रत्येक यंत्र आपापल्या वेगळ्या खोलीत असते, एकमेकांना दिसतच नाही. ती बिघाडाची खूण नव्हे. यंत्रे एकमेकांशी बोलायला हवी असतील तर 'नॅट नेटवर्क' हा वेगळा प्रकार निवडावा लागतो. तू तोच निवडला आहेस, म्हणून तुझ्याकडे दोष मशीन-आयडीचाच आहे हे मी खात्रीने लिहितो आहे.

ही चूक फक्त विद्यार्थी करतात असे समजू नये. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरची यंत्रे तपासली. एसएसएच वापरणारे प्रत्येक यंत्र आपली ओळख पटवायला एक गुप्त किल्ली बाळगते. ती प्रत्येकाची वेगळी असायला हवी. पण तपासलेल्या एसएसएच यंत्रांपैकी सुमारे ९.६ टक्के यंत्रे धोकादायक रीतीने एकमेकांच्या किल्ल्या वापरत होती. त्याची कारणे निरनिराळी होती, पण त्यात कारखान्यातून किंवा साच्यातून तीच किल्ली सगळ्यांना गेल्याची उदाहरणेही होती. २०१५ मध्ये स्पेनमध्ये अडीच लाखांहून अधिक उपकरणांत एकच एसएसएच किल्ली सापडली. गावातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागावी, तसे. त्या किल्लीचा गुप्त भाग ज्याच्या हाती पडेल, त्याला यातल्या कोणत्याही उपकरणाचे सोंग घेऊन उभे राहता येते.

म्हणून टेम्प्लेट बनवायचे कसे ते सविस्तर सांगतो. तू पुन्हा पहिल्यापासून कर. एक संध्याकाळ लागेल.

आधी लॅपटॉप तपास. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू असे गेलीस की खाली 'व्हर्च्युअलायझेशन' असे लिहिलेले दिसेल. तिथे 'एनेबल्ड' हवे. तुझी यंत्रे चालली, म्हणजे तुझ्याकडे ते आहेच. इतर वाचकांना 'डिसेबल्ड' दिसले तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते, आणि ते दुकानदाराकडून किंवा जाणत्याकडून करून घ्यावे. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज मोफत आहे. त्याच्यासोबत एक 'एक्स्टेन्शन पॅक' दिसतो. त्याचा परवाना वेगळा आहे, घरगुती सरावाला चालतो पण दुकान-ऑफिसला तसाच चालत नाही. या सरावाला तो लागतही नाही. घेऊ नकोस.

नवीन व्हीएम करताना मेमरी २ जीबी, प्रोसेसर २, डिस्क २० जीबी ठेव. डिस्क 'डायनॅमिक' असू दे, म्हणजे सुरुवातीला फाईल काही जीबींचीच राहते आणि गरजेप्रमाणे वाढते. उबुंटू बसवून झाले की मेमरी १ जीबीवर आणता येते. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून एक गंमत आहे. तो तुला न विचारता सगळे बसवून द्यायला तयार असतो, आणि मग वापरकर्त्याचे नाव 'व्हीबॉक्सयूजर' आणि पासवर्ड 'चेंजमी' असा आधीच भरलेला येतो. 'चेंजमी' म्हणजे 'मला बदला'. तो कोणी बदलत नाही. 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' टाळण्याचा पर्याय निवड आणि स्वतःच्या हाताने बसव. शिकायचेच आहे, तर हात लागू दे.

बसवताना ओपनएसएसएच सर्व्हर घे. डेस्कटॉप घेऊ नकोस. काळ्या स्क्रीनची भीती गेली की अर्धे शिक्षण झाले. मग अपडेट कर, वेळ आशिया/कोलकाता अशी लाव, प्रत्येक यंत्रावर लागतील अशी दोन-चार साधने टाक. बस. साच्यात काय घालायचे यापेक्षा काय घालायचे नाही हे जास्त महत्त्वाचे आहे. प्रोजेक्टच्या फाइली नकोत. तुझ्या ईमेलचा पासवर्ड नको. डेटाबेसचा पासवर्ड नको. तुझी खासगी एसएसएच किल्ली नको. साच्यात गेलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक प्रतीत जाते, आणि उद्या तोच साचा तू मैत्रिणीला पेनड्राइव्हवर दिलास तर तिच्याही घरी जाते.

आता शेवटची सफाई. हाच भाग कॉलेजच्या टिपणांत राहून गेला असावा. मशीन-आयडीची फाईल पुसायची नाही, रिकामी करायची. कमांड 'ट्रंकेट' ही आहे, आकार शून्य द्यायचा आणि पुढे फाईलचा पूर्ण मार्ग. फाईल जागेवर राहते, आतला क्रमांक जातो. पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले की रिकामी फाईल पाहून ते स्वतःसाठी नवा क्रमांक तयार करते. मग ईटीसीच्या आत एसएसएच फोल्डरमधल्या, 'एसएसएच-अंडरस्कोअर-होस्ट' या शब्दांनी सुरू होणाऱ्या सगळ्या किल्ल्या पुसायच्या. मग 'ॲप्ट क्लीन', म्हणजे उतरवलेल्या पॅकेजांचा कचरा जातो आणि साचा हलका होतो. शेवटी यंत्र बंद करायचे. आणि बंद केल्यावर ते पुन्हा सुरू करायचे नाही! हे मी मुद्दाम ठासून लिहितो. साचा एकदा जरी सुरू केलास तरी तो स्वतःला नवा मशीन-आयडी देऊन बसतो, आणि त्यानंतरच्या सगळ्या प्रती पुन्हा जुळ्या होतात. कधी काही बदलण्यासाठी सुरू करावाच लागला तर बंद करण्यापूर्वी सफाई पुन्हा करायची.

साच्याचे नाव ठेवताना तारीख घाल. सहा महिन्यांनी तो शिळा झालेला असतो. सुरक्षेची अपडेट्स त्यात नसतात, आणि शिळ्या साच्यातून काढलेले ताजे यंत्रही शिळेच असते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'टेम्प्लेट बनवा' असे वेगळे बटण नाही. बंद यंत्रावर राइट क्लिक करून 'क्लोन' घ्यायचे. तिथे नवीन नाव दे, आणि मॅक ॲड्रेसच्या यादीतून 'सगळ्या ॲडाप्टरना नवीन' हा पर्याय निवड. तो आधीच निवडलेला असेल असे धरून चालू नकोस. पुढे फुल क्लोन की लिंक्ड क्लोन असे विचारेल. फुल क्लोन म्हणजे पूर्ण स्वतंत्र प्रत, जागा जास्त लागते. लिंक्ड क्लोन म्हणजे मूळ साचा खाली तसाच वापरायचा आणि फक्त बदल वेगळे लिहायचे. सुरुवातीला तो अगदी थोडीच जागा घेतो. तुझ्या लॅपटॉपची डिस्क लहान आहे, म्हणून लिंक्ड बरा. पण लिंक्ड क्लोन साच्यावर जगतो. साच्याची डिस्क-फाईल कोणी फालतू समजून पुसली तर सगळे क्लोन एकदम मरतात. घरात भाऊ जागा मोकळी करायला बसतो तेव्हा सगळ्यात मोठी फाईल आधी शोधतो, आणि ती हीच असते. त्याला सांगून ठेव.

क्लोन सुरू झाला की तीन कामे. पहिले, होस्टनेम बदल. 'होस्टनेमसीटीएल' या कमांडने नाव बदलते, आणि ईटीसीमधल्या 'होस्ट्स' या फाईलमध्येही जुने नाव काढून नवे लिहावे लागते. नावे कामावरून ठेव, 'वेब-१', 'डेटा-१' अशी. दुसरे, एसएसएचच्या नव्या किल्ल्या आल्या का ते पाहा. उबुंटू सर्व्हरवर क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम त्या आपोआप करेलच असे धरून चालू नकोस. त्या आल्या नाहीत, जसे डेबियनवर बहुधा होते, तर एसएसएच सुरूच होत नाही, आणि मुलांना वाटते यंत्र बिघडले. तिथे व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून लॉगिन करून 'एसएसएच-कीजेन' पुढे वजा आणि मोठा ए असे दिले की नव्या किल्ल्या तयार होतात, मग एसएसएच पुन्हा सुरू करायचे. तिसरे, पासवर्ड बदल. मग दोन्ही यंत्रांवर मशीन-आयडीची फाईल उघडून समोरासमोर पाहा. क्रमांक वेगळे दिसले की पत्तेही वेगळे मिळतील. जुने क्लोन ठेवायचेच असतील तर त्यांच्यातही फाईल रिकामी करून ते पुन्हा सुरू केले की काम होते.

आणि एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर पहिल्यांदा जाताना तो एक किल्लीचा ठसा दाखवून "विश्वास ठेवू का?" असे विचारतो. सगळे जण न वाचता 'यस' टाइप करतात. एकदा तरी तो ठसा दुसऱ्या यंत्राच्या खिडकीत जाऊन ताडून पाहा. तो प्रश्न त्यासाठीच विचारलेला असतो.

विंडोज सर्व्हरचा साचा करायचा असेल तर तिथे हेच काम 'सिसप्रेप' नावाचे साधन करते, त्यात 'जनरलाइझ' वर खूण करायची असते. त्यासाठी कोणाकडून चोरीची विंडोज घेऊ नये. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवसांसाठी अधिकृतपणे देते, शिकायला तेवढे पुरे.

हे सगळे शिकून काय होणार, असा प्रश्न अब्बा-अम्मींच्या मनात असणारच, आणि तो रास्त आहे. एका महागड्या यंत्राचे अनेक भाग करून अनेकांना वापरायला द्यायचे, ही युक्ती जुनी आहे. आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर केले तेव्हा कारण तेच होते, यंत्र एक आणि वापरणारे फार. घरात एक लॅपटॉप आणि कामे दोन, हे त्याचेच छोटे रूप. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय साध्या पीसीवर आणली. आज मायक्रोसॉफ्टचे भारतातले एक मोठे क्लाउड केंद्र पुण्यात आहे, २०१५ पासून. ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून. एनआयसीचे, म्हणजे सरकारी संगणक यंत्रणेचे, एक राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यात आहे. अशा ठिकाणी कोणी एकेक यंत्र हाताने बसवत नाही. तिथे साचे असतात आणि साच्यांतून यंत्रे निघतात. ते साचे बनवणारी, तपासणारी, शिळे झाले की बदलणारी माणसे लागतात. तिथे एका साच्यात राहिलेला एक पासवर्ड शेकडो यंत्रांत जाऊ शकतो. नोकरीच्या मुलाखतीत "क्लोन केल्यावर काय बदलशील?" असे विचारले तर तुझ्याकडे सांगायला खरी गोष्ट आहे. नोकरी मिळेलच असे मी लिहिणार नाही. पण हे काम नेसरीत बसून, एका जुन्या लॅपटॉपवर, पैसे न घालता शिकता येते, आणि अशी कामे फार नाहीत.

आता घरातल्या इतरांसाठी थोडेसे, कारण साच्याचा हाच दोष आपल्या भिंतींवर टांगलेला असतो. दुकानातला सीसीटीव्ही आणि घरातला वायफायचा डबा हेही कारखान्यात साच्यातूनच निघतात. पुष्कळ वेळा एका मॉडेलच्या सगळ्या डब्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड असतो, तो पुस्तिकेतही छापलेला असतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा एक घातक प्रोग्रॅम पसरला. त्याच्याकडे अशा कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी एका कंपनीवर इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेकांना उघडेनात. पुढच्या वर्षी अमेरिकेत तीन तरुणांनी मिराई बनवल्याचा गुन्हा कबूल केला. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्या घरांना बहुतेक काही कळलेही नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने काय ठेवला आहे, हे आज त्याला फोन करून विचारा आणि स्वतः बदलून घ्या. नेसरीच्या या मुलीला घरातला हा पहिला उद्योग द्यायला हरकत नाही.

पत्राच्या शेवटी तिने एक विचारले आहे, गावचे नाव राखायला सात यंत्रे एकदम चालवता येतील का. नेसरीत प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी २४ फेब्रुवारी १६७४ ला तुटून पडले होते, त्याचा हा संदर्भ. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, बेटी. त्यातली निम्म्याच्या आसपास मेमरी विंडोजलाच लागते. एकेक जीबीची दोन यंत्रे आरामात चालतील, तिसरे रडतखडत. सात एकदम दौडवलीस तर लॅपटॉप धारातीर्थी पडेल. सात साठवून ठेवायला हरकत नाही, लिंक्ड क्लोन असतील तर मावतील. पण दुकानाच्या वेळेत एकही चालू ठेवू नकोस.

काम झालेली यंत्रे काढताना राइट क्लिक, 'रिमूव्ह', मग 'डिलीट ऑल फाइल्स'. नुसते 'रिमूव्ह' केले तर यादीतून नाव जाते, डिस्कवरची फाईल तशीच पडून राहते आणि सी ड्राइव्ह भरलेलाच दिसतो. लिंक्ड क्लोन आधी काढ, साचा सगळ्यात शेवटी.